सामाईक जीपचा बंपर

वाटण्या झाल्या तेव्हा आमच्यात भांडण झालं नाही, हीच खरी अडचण झाली. भांडण झालं असतं तर चार माणसांनी मध्ये पडून मिटवलं असतं. इथं मिटवायला काही नव्हतंच. वडील, म्हणजे आमचे अण्णा, गेल्यावर दादाने आणि मी शांतपणे जमीन वाटून घेतली, मोजणीदाराला चहा पाजला, बांधावर दगड रोवले आणि त्यानंतर आमचं बोलणं बंद पडलं. तसं कुणी ठरवलं नव्हतं. दादा गावातच राहतो, मैंदर्गीच्या बाजूला, आणि शेती करतो. मी सोलापुरात टायपिंगचे क्लास चालवतो. माझ्या वाट्याचा तुकडा मी गावातल्याच एकाला बटईने लावला. भावाभावात हिशेब नको, असं मी म्हणालो. दादा त्यावर काहीच बोलला नाही, आणि तो काही बोलला नाही हे मी लक्षात ठेवलं.

वाटायची राहिली ती अण्णांची जीप. कुठल्याशा सरकारी खात्याच्या लिलावात त्यांनी ती घेतली होती. डिझेलवर चालणारी, वर ताडपत्रीचं टप, उजव्या दाराला कडी नाही म्हणून दोरी. जीप काही मधोमध कापता येत नाही, आणि कुणी कुणाचा वाटा घ्यायचा हे ठरवायचं तर दोघांनाही तोंड उघडावं लागलं असतं. म्हणून विहिरीच्या पाण्यासारखी जीपलाही पाळी लावली. एक मराठी महिना दादाचा, पुढचा माझा. आमच्या भागात अमावस्येला शेतीची कामं बंद असतात, तेव्हा अमावस्येच्या दिवशी जीप या हातातून त्या हातात जायची. मी एस.टी.ने गावाला जाऊन ती घेऊन यायचो, नाहीतर ती सोडून एस.टी.ने परत यायचो. चावी देणारा म्हणायचा, "तेल बघून घे," आणि घेणारा म्हणायचा, "बरं." वर्षभर आम्ही दोघे भाऊ एवढंच बोलायचो.

थोरला म्हणून कागदावर जीप दादाच्या नावाने केली होती. त्याने मनात आणलं असतं तर एका सहीवर ती विकता आली असती. आणि ती विकली गेली असती तर मला त्या गावाला जायला काही कारणच उरलं नसतं. मला त्याची भीती वाटायची. बायकोजवळसुद्धा मी ती बोलून दाखवली नव्हती.

पाळीचा एक जुना नियम आमच्या घरात होता, तो इथंच सांगून टाकतो. आमची विहीर अण्णा आणि त्यांचे एक चुलतभाऊ यांच्यात सामाईक होती. ज्याने आपल्या पाळीत विहिरीला जे जोडलं, पाइप म्हणा, पंप म्हणा, ते पाळी संपताना त्याने काढून न्यायचं. विहीर जशी घेतली तशी द्यायची, म्हणजे तंटा नको. एका वर्षी त्या चुलत्यांचा लोखंडी पाइप खालच्या कपारीत अडकून बसला. मग दोघेही विहिरीत उतरले आणि एकमेकांच्या समोर त्यांनी तो ओढून पाहिला. दोघांनी मिळूनच बघायचं, कारण एकटा माणूस खोटं बोलू शकतो, असं अण्णांचं म्हणणं. पाइप काही हलला नाही. अण्णा वर येऊन अंग पुसत म्हणाले, "निघत न्हाय ते दोगांचं." त्या दिवसापासून तो पाइप दोघांच्याही पाळीत चालला. दादा आणि मी काठावर बसून हे बघत होतो.

तर बंपर. त्या वर्षी ज्येष्ठातच जोराचा पाऊस झाला. पाळी दादाची होती. आमच्या शेताकडे जायच्या वाटेवर एक ओढा आहे आणि ओढ्याच्या दोन्ही अंगाला काळी माती. ती भिजली की चाकाला अशी धरते की सोडायचं नाव घेत नाही. जीप तिथं रुतली. दादाने ओळखीच्या माणसाचा ट्रॅक्टर आणून साखळी पुढच्या बंपरला बांधली. ट्रॅक्टर जोर करून निघाला, आणि बंपर त्याच्या मागोमाग गेला. जीप जागेवरच राहिली.

हे मला बायकोने सांगितलं. आम्हा भावांचा अबोला असला तरी दोघी जावांचा रोज फोन असायचा. मला बहुतेक बातम्या त्या मार्गाने यायच्या, आणि माझ्याही तिकडे जात असणार. बायको हसत हसत सांगत होती. मला मात्र हसू आलं नाही, कारण तिने शेवटी आणखी एक वाक्य सांगितलं होतं. भावजी म्हणतात, आता जीप काढून टाकायची.

अमावस्येला मी गेलो तेव्हा दादा स्वतःच बोलला. जीप गोठ्यासमोर उभी होती. बंपर नसल्यामुळे तिचं तोंड पुढचे दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखं दिसत होतं.

"इकून टाकू," दादा म्हणाला. "दर पावसाळ्यात कुणाच्या दारात ट्रॅक्टर मागायला जायचं?"

"बंपर मी बनवून घेतो," मी म्हणालो. "विंच बसवतो त्यावर. म्हंजे गाडी आपली आपणच निघंल."

विंच म्हणजे काय हे दादाने विचारलं नाही. मला वाटतं ते त्याला ठाऊक होतं. मोबाइल त्याच्याकडेही आहे.

"तुज्या पाळीत तू काय बी कर," तो म्हणाला, आणि चावी दिली. तेल बघून घे, असं त्या दिवशी तो म्हणाला नाही.

आषाढाचा महिना माझा होता. विंच म्हणजे गाडीच्या तोंडाशी बसवायचं विजेवर चालणारं एक गुंडाळं. त्यावर तारेचा दोर असतो. दोराचं टोक झाडाला बांधायचं, बटण दाबायचं, आणि गाडी स्वतःलाच ओढून बाहेर काढते. सोलापुरात अपघाताच्या गाड्या उचलून नेणाऱ्या एकाने आपली गाडी भंगारात काढली होती, त्याच्याकडून मी जुनं विंच घेतलं. आता ते बसवण्यासाठी भक्कम बंपर हवा. तो तयार मिळत नव्हता असं नाही. पण अण्णांची जीप मूळची लिलावातली, तिची चेसी, म्हणजे खालचा सांगाडा, आधीच्या कुणीतरी एका बाजूने ठोकून सरळ केलेली, त्यामुळे बाजारातलं काही तिला नीट बसलं नसतं. आणि खरं सांगायचं तर मला तो स्वतः करायचा होता.

मी टायपिंग शिकवणारा माणूस. डावीकडची मोकळी जागा अर्ध्या इंचाने चुकली तर पान फाडायला लावतो. पोरं मागून मला काय म्हणतात ते मला माहीत आहे. बंपरचा आकार मी सोलापुरी चादरींच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून कापला. तीनदा कापला आणि तीनदा फेकला. चौथ्या वेळी तो जीपच्या तोंडाला धरला तेव्हा नको तिथे कुठेही फट राहिली नाही. बायको गॅलरीतून बघत होती. म्हणाली, पुठ्ठ्याचाच राहू द्या, हलका आहे.

पुठ्ठा घेऊन मी अक्कलकोट रोडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. घरचे माग बंद पडल्यावर त्याने हा धंदा धरला होता. बंगल्यांची लोखंडी गेटं करायचा, आणि गेटावर मोर काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. घरच्यांशी फोनवर तेलुगूत बोलायचा, कामगारांशी हिंदीत ओरडायचा आणि माझ्याशी अदबीने मराठीत, कारण त्याची बहीण माझ्याकडे टायपिंग शिकून पास झाली होती. पुठ्ठा बघून तो म्हणाला, "होतंय की सर. मधी एक मोर टाकू या?"

मी म्हणालो, मोर नको.

"मग दोन बाजूला दोन चांदण्या?"

चांदण्याही नकोत म्हटल्यावर त्याचा उत्साह थोडा कमी झाला. पण काम त्याने हातात घेतलं. मधे विंच बसेल असा पन्हळीसारखा जाड लोखंडी चॅनेल, दोन्ही बाजूंना तिरपे कापलेले पत्रे, खाली ओढायचे दोन हूक. तारेचा दोर घासू नये म्हणून तोंडाशी चार रूळ लागतात. ते त्याने दुकानामागे गंजत पडलेल्या त्याच्याच मागाच्या दांड्यातून कापून दिले. क्लास सुटला की मी रोज तिथं जाऊन बसायचो. दोनतीन आठवड्यांत मला वेल्डिंगमधलं एवढं कळायला लागलं की कुठलं आतपर्यंत शिरलंय आणि कुठलं नुसतं वर बसलंय हे बघून सांगता येईल. त्याच्या कामगारांनी मला टाळायला सुरुवात केली होती.

मग बंपर चेसीला जोडायची वेळ आली. त्याने वेल्डिंगचा होल्डर हातात घेतला, काच तोंडावर ओढली, आणि मी त्याला थांबवलं.

"वेल्डिंग नको. नट-बोल्टवर बसव."

"का सर? वेल्डिंग मारलं की जिंदगीभर हलत नाही."

"काढता आला पाहिजे. आर.टी.ओ.च्या पासिंगला असले बंपर चालत नाहीत," मी म्हणालो. ते खरंच होतं. पण पासिंग काही दर महिन्याला नसतं. माझं खरं कारण पाळी हेच होतं. आपल्या पाळीत जोडलेलं पाळी संपताना काढून न्यायचं. मी दादाकडून कसल्याही बाबतीत बोल लावून घेणार नव्हतो.

त्या बोल्टांमध्येच आमची चूक झाली. बोल्टांची डोकी बाहेर आणि नट आतल्या बाजूला, चॅनेलच्या पोटात. बाहेरून पाना लावला की आतला नट गरगर फिरायचा. तो धरायला गाडीखाली झोपावं लागे, आणि गाडीखाली झोपलेल्या माणसाचा हात बाहेरच्या डोक्यापर्यंत पोचत नसे. म्हणजे बंपर घालायला आणि काढायला माणसं दोन, एक वर आणि एक खाली. हे त्याच्याही ध्यानात आलं नाही आणि माझ्याही नाही. लक्षात आलं तेव्हा सगळं होऊन रंगसुद्धा वाळला होता. तो म्हणाला, "दोन माणसं तर असतातच की सर घरात."

हिप्परग्याच्या तलावाकाठी चिखल बघून मी जीप मुद्दाम त्यात घातली. बायको सोबत होती. दोर एका बाभळीला बांधला, साल निघू नये म्हणून मध्ये पोतं दिलं. तार तुटली तर चाबकासारखी उलटून येते म्हणून तिच्या मध्यावर घरची एक जुनी चादर टाकली. बटण दाबलं. विंच कुरकुरलं, तार ताणली, आणि जीप हळूहळू, कुणाचीही मदत न घेता, चिखलातून बाहेर आली. मला इतका आनंद झाला की मी बाभळीलाच हात लावून उभा राहिलो. बायको म्हणाली, आता हे भावजींना दाखवा.

आषाढातल्या अमावस्येच्या सकाळी मी बायकोला जीपखाली झोपवलं. म्हणजे तिने आधी मला काय ते ऐकवलं, आणि मग ती झोपली. तिने खालून नट धरले, मी वरून बोल्ट सोडले, आणि बंपर उतरवून घरातल्या जिन्याखाली ठेवला. तिचं म्हणणं होतं, पावसाळा चालू आहे, लावलेलाच देऊन टाका. मी म्हणालो, नियम आहे. जीप बोडकीच घेऊन मी गावाला गेलो. दादाने पुढे येऊन चेसीला पाडलेली भोकं बघितली. एका भोकात बोट घालून बघितलं. मग चावी घेतली. सबंध श्रावण ती तशीच चालली, आणि दादाच्या सुदैवाने पाऊस कमी झाला.

भाद्रपद माझा होता. सर्वपित्री अमावस्येला जीप परत द्यायची वेळ आली तेव्हा मात्र मी बंपर काढला नाही. परतीचा पाऊस आमच्याकडे अश्विनातच झोडपतो. मी स्वतःशी म्हणालो, राहू दे, त्याला लागेल. दादाला काही सांगितलं नाही. "वापर" म्हणालो असतो तर उपकार दिसला असता, आणि "जपून" म्हणालो असतो तर मालकी दिसली असती. चावी दिली, तेल बघून घे म्हणालो, आणि एस.टी.ला आलो. त्या एस.टी.त मला बरं वाटत होतं. काहीतरी सुरू झालं असं वाटत होतं.

दिवाळीत जीप आणायला गेलो. तिच्या तोंडाशी बंपर नव्हता. गोठ्याच्या आतल्या बाजूला, कडब्याच्या गंजीशेजारी, तो पोत्यात गुंडाळून ठेवला होता. तारेला ग्रीस लावलेलं होतं. बोल्ट तेलाच्या डब्यात बुडवलेले होते. पत्र्यावर साधा ओरखडा नव्हता. वहिनी म्हणाल्या, "तुमी गेलासा त्याच दिशी काढला बगा. मीच खाली झोपून नट धरले."

म्हणजे त्याने तो एक दिवसही वापरला नव्हता. अश्विनात पाऊस झाला होता, ओढा भरला होता, जीप दोनदा रुतली होती आणि दोनदा ट्रॅक्टर आला होता, हे मला फोनच्या मार्गाने आधीच कळलं होतं. तो दुसऱ्याच्या दारात ट्रॅक्टर मागायला गेला, पण माझी वस्तू त्याने वापरली नाही. मला राग आला, आणि रागाच्या खाली जे होतं ते रागापेक्षा वाईट होतं. 

"बंपर न्ह्यायचा न्हाय?" दादाने विचारलं.

"आता पाऊस संपला. राहू दे हितंच," मी म्हणालो.

कार्तिकात जीप माझ्या क्लाससमोर बोडकी उभी राहिली. गल्लीतली माणसं विचारायची, सर, ते पुढचं काय झालं? मी म्हणायचो, काढून ठेवलंय. कार्तिकातल्या अमावस्येला ती गावाला पोचवली आणि दादाच्या अंगणात थांबलोही नाही.

मार्गशीर्षात बायकोने एकदा फोन ठेवल्यावर भाजी निवडायची थांबवून माझ्याकडे बघितलं. म्हणाली, सांगोल्याकडचा कुणी डाळिंबवाला जीप बघून गेला. त्याला पसंत आहे.

मी म्हणालो, बरं.

"बरं काय? फोन करा भावजींना. नको म्हणा."

मी फोन केला नाही. त्याची जीप, त्याच्या नावावर, आणि त्याच्याच पाळीत. माझ्याकडे नाही म्हणायला जागा नव्हती, निदान मी तशी ठेवली नव्हती. क्लासमध्ये मी त्या आठवड्यात पोरांना फार बोललो. एका मुलीचं पान चांगलं असून फाडलं, आणि ते दुसऱ्या दिवशी लक्षात आल्यावर तिला नवा कागद आणून दिला.

मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवतं. उभ्या ज्वारीत कडब्याची खोप करतात, पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून पूजतात, आंबील रानात शिंपडतात, आणि मग भाज्या-शेंगांची एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, खीर असं दिवस मावळेपर्यंत चालतं. वाटणीपासून मी तिथं जेवलो नव्हतो. पाळीला यायचो तेवढा यायचो आणि एस.टी.च्या वेळेवर नजर ठेवायचो. त्या वर्षी बायको म्हणाली, जीप असेल नाहीतर नसेल, आपण जेवायला जाऊ. जाऊबाईंनी बोलावलंय.

आम्ही एस.टी.तून उतरलो आणि पांदीने चालत शेताकडे निघालो. ओढा कोरडा होता. पलीकडे, चिंचेच्या खाली, जीप उभी होती. तिच्या तोंडाला बंपर होता.

मी आधी जवळ गेलो नाही. खोपीत वहिनी भांडी मांडत होत्या. दादा बांधावर आंबील शिंपडत फिरत होता, त्याने आम्हाला बघितलं आणि फिरत राहिला. बायको वहिनींना मदत करायला बसली. वहिनींचं बोलणं सुरूच होतं, त्या माझ्याकडे न बघता बायकोला सांगत होत्या, पण आवाज मला ऐकू येईल एवढा ठेवला होता.

"त्यो सांगोल्याचा आला की, त्यानं गोट्यात ह्यो बंपर बगितला. म्हणला, ह्यो बी द्या जोडून, मग मी उद्याच घेऊन जातो. ह्ये म्हणले, त्यो माजा न्हाय, धाकट्याचा हाय. तर त्यो म्हणतो, तुमच्या गोट्यात हाय म्हंजे तुमचाच की. काढून ठेवलेल्याला कोण मालक इचारतंय?  ह्ये जेवले बी न्हाईत त्या दिशी."

"मग?" बायकोने विचारलं.

"मग काय. कुळव जोडणारा हाय न्हवं आमच्या गावात, त्याला घेऊन आले सकाळी. म्हणले, लाव ह्यो गाडीला आन मार वेल्डिंग."

बायकोने विचारलं, मग अश्विनात का काढून ठेवला होता भावजींनी? हा प्रश्न मी विचारायला हवा होता.

"अगं, भ्याले," वहिनी म्हणाल्या. "म्हणले, एवढं झिजून केलंय त्यानं. माज्या हातनं कुटं वाकलं तर त्याला तोंड काय दावू?"

मी उठून जीपकडे गेलो. उकिडवा बसून बंपरखाली वाकून बघितलं. गावच्या माणसाने मारलेलं वेल्डिंग होतं. प्रत्येक नटावर लोखंडाचा एकेक ओबडधोबड गोळा बसवलेला, काळा, फुगलेला. माझा रंग आजूबाजूला जळून पापुद्रे निघाले होते. माझ्या क्लासमधल्या पोराने असं पान दिलं असतं तर मी दारातून परत पाठवलं असतं. आणि बघता बघता मला दुसरंही कळलं. ते वेल्डिंग आत शिरलेलंच नव्हतं. लोखंड नुसतं वर बसलं होतं. पान्यावर अंगाचा भार टाकला असता तर एका झटक्यात सुटलं असतं.

मागे दादा येऊन उभा राहिला होता. आंबिलीचं मडकं त्याने चिंचेच्या मुळाशी टेकवून ठेवलं.

"आज पाळी संपली माजी," तो म्हणाला. "तुजा बंपर तू काढून न्ह्यायचास."

"त्यो सांगोल्याचा?"

"त्याला म्हणलं बगून सांगतो. निगाला तर गाडी देतो."

त्याने जीपच्या सीटखालून दोन पाने काढले. एक मला दिला. दुसरा घेऊन तो, या वयात, धोतर सावरत जीपखाली शिरला. माझ्या चुकीमुळे त्या बंपरला दोन माणसं लागत होतीच. त्याने खालून नटाला पाना लावला. मी वरून बोल्टाच्या डोक्याला लावला.

"लाव जोर," तो खालून म्हणाला.

"लावतोय."

मी पाना धरला होता. जोर लावत नव्हतो. चॅनेल आणि जीपची पुढची जाळी यांच्यामध्ये एक फट होती, माझ्या पुठ्ठ्याच्या मापातही ती होतीच, इंजिनाला वारा लागावा म्हणून ठेवलेली. त्या फटीतून मला दादाचा हात दिसत होता. त्याची बोटं पान्यावर नुसती ठेवलेली होती, झोपलेल्या माणसाच्या अंगावर हात ठेवावा तशी. मनगटाची एक शीरही ताणलेली नव्हती.

आम्ही एका बोल्टावरून दुसऱ्यावर गेलो. सगळे बोल्ट तसेच करून बघितले, एकही सोडला नाही. खोपीतून दोघी बघत होत्या.

"न्हाय निघत," दादा खालून म्हणाला.

"न्हाय," मी म्हणालो.

तो बाहेर आला. त्याच्या पाठीला माती लागली होती, ती मी झटकली. त्याने चावी काढून माझ्या हातात दिली आणि तेल बघून घे म्हणाला. मी बरं म्हणालो. मग आम्ही हात धुऊन जेवायला बसलो, आणि वहिनींनी भज्जी आधी कुणाला वाढायची ते न विचारता दोघांच्या पानात एकदमच वाढली.